तुमचा स्क्रीन समोरच्याला दिसत नाही: तांत्रिक अडचण नेमकी कशी विचारावी

गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा मेसेज आला. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात त्या सार्वजनिक वाचनालयाचं काम बघतात, आणि घरचं सगळं आवरलं की रात्री एकट्या बसून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतात. मेसेज असा:

"दादा, माझा प्रोग्राम चालत नाहीये. सगळं करून बघितलं. प्लीज लवकर सांगा, उद्या यादी द्यायची आहे."

मी विचारलं, काय होतंय? उत्तर आलं, "मराठी नावं नीट येत नाहीत." म्हटलं, कोड पाठवा. कोड आला. सभासदांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी यादी) उघडायची आणि ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांची नावं छापायची, इतकंच त्याचं काम होतं. मी माझ्या लिनक्स मशीनवर चार मराठी नावांची फाइल तयार केली आणि तो चालवून बघितला. व्यवस्थित चालला. "माझ्याकडे चालतोय," असं कळवलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी साडेसहाशे सभासदांमधून थकबाकीदार हातानं वेचून काढले.

शेवटी उत्तर निघालं ते एका शब्दाचं. ते पहिल्याच रात्री देता आलं असतं. त्यासाठी लागणारी सगळी माहिती ताईंच्या डोळ्यांसमोर, स्क्रीनवरच होती. माझ्यापर्यंत ती पोचली नाही. कोड कसा लिहायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत, पण अडल्यावर कसं विचारायचं हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून ताईंचीच अडचण हाताशी धरून एकेक पायरी सांगतो. कॉलेजच्या ग्रुपवर विचारा, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारा किंवा ऑफिसमधल्या सीनियरला मेल करा, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: एरर शेवटच्या ओळीपासून वाचा

पायथनचा प्रोग्राम मध्येच पडला की स्क्रीनवर दहा-वीस ओळी धडाधड येतात. त्या बघूनच धसका घेऊन बरेच जण खिडकी बंद करतात. घाई करू नका. पायथनमध्ये खरी तक्रार सगळ्यात शेवटच्या ओळीत असते. वरच्या ओळी प्रोग्राम कुठून कुठून तिथवर पोचला ते सांगतात. जावात याच्या उलट आहे, तिथे तक्रार वर येते, आणि खाली कुठे 'कॉज्ड बाय' असं लिहिलेलं असेल तर मूळ कारण तिथे सापडतं.

ताईंच्या स्क्रीनवरची शेवटची ओळ देवनागरीत उतरवायची तर अशी होती:

युनिकोडडिकोडएरर: 'चारमॅप' कोडेक कान्ट डिकोड बाइट ०एक्स८१ ... कॅरेक्टर मॅप्स टू अनडिफाइन्ड

इंग्रजीचा धाक वाटला तरी शब्द न् शब्द सोडवून बघा. फाइलमधल्या बाइटांची, म्हणजे ती ज्या आकड्यांत साठवलेली असते त्यांची, अक्षरं करताना पायथननं 'चारमॅप' नावाचं काहीतरी कोष्टक वापरलं, आणि ८१ या बाइटसमोर त्या कोष्टकात काहीच लिहिलेलं नव्हतं. उत्तर अजून मिळालेलं नाही, पण "नावं नीट येत नाहीत" या वाक्यापेक्षा आपण बरेच पुढे आलो.

पायरी २: आधी थोडं शोधा, आणि शोधलं ते सांगा

तीच ओळ शोधायला टाका, पण तुमचं स्वतःचं जे काही तिच्यात आहे ते काढून: फाइलचं नाव, फोल्डरचा पत्ता, तुमच्या फाइलपुरता असलेला आकडा. उरलेला साचा अवतरणचिन्हांत टाकून शोधा. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ साली सुरू झालं. नवशिक्यांना येणाऱ्या बहुतेक एररबद्दल तिथे आधीच कुणीतरी विचारून ठेवलंय. पंधरा-वीस मिनिटं तरी द्या.

सापडलेला उपाय लागू पडला नाही, तर काय केलं आणि काय झालं हे प्रश्नात लिहा. "सगळं करून बघितलं" यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तिथे नावं नीट दिसतात" या एका वाक्यातून मात्र फाइल शाबूत आहे हे कळतं, आणि अर्धी शक्यता तिथल्या तिथे निकालात निघते. चॅटबॉटला विचारलं असेल तर तेही सांगा, त्यानं दिलेला कोड कुठला हेही सांगा. नाहीतर तो तुम्हीच विचार करून लिहिलाय असं समजून समोरचा त्याचा अर्थ लावत बसतो.

पायरी ३: अडचण लहान करा

सगळ्यात मोलाची पायरी ही, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

ताईंचा कोड साठेक ओळींचा होता. त्यात तारखा होत्या, वर्गणीचा हिशेब होता, छपाईची मांडणी होती. यातल्या कशाचा अडचणीशी संबंध आहे हे मला बाहेरून कळायला मार्ग नव्हता. दोन दिवसांनी आम्ही फोनवर बसलो आणि एकेक गोष्ट काढत गेलो. वर्गणीचा हिशेब काढला, एरर तशीच. तारखा काढल्या, तशीच. शेवटी दोन ओळी उरल्या: 'ओपन'नं फाइल उघडायची, आणि आतलं सगळं वाचून 'प्रिंट' करायचं. तरी एरर तशीच.

मग फाइलची पाळी. वरच्या अर्ध्या नावांची वेगळी फाइल केली, एरर आली. खालच्या अर्ध्यांची केली, तरी आली. म्हणजे एखाद्याच ओळीत काही वेडंवाकडं नव्हतं. मग एका फाइलमध्ये एकच आडनाव ठेवून बघायचं ठरलं. ताईंनी 'पाटील' लिहिलं. एरर गेली. पण स्क्रीनवर पाटील काही उमटलं नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं आणि मध्येच जपानी येनचं चिन्ह, असं भलतंच काहीतरी आलं. पाटील पुसून 'कुलकर्णी' लिहिलं. एरर पुन्हा हजर, आणि अडलेला बाइट फाइलमध्ये कितव्या जागी आहे तो आकडा आता स्वच्छ होता: पोझिशन ५.

"पाटील चालतं आणि कुलकर्णी का नाही?" ताईंनीच विचारलं. दोन दिवसांतला हा पहिला नेमका प्रश्न होता, आणि तो विचारल्याबरोबर गाठ सुटली.

यूटीएफ-८ म्हणजे अक्षरांचे बाइट करायची एक पद्धत. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-उकार यांनाही वेगळे तीन. पायथन शून्यापासून मोजतो. 'क'चे बाइट ०, १, २ आणि त्याच्या ऱ्हस्व उकाराचे ३, ४, ५. उकाराचा शेवटचा बाइट आहे ८१. भारतात सर्रास असलेल्या इंग्रजी विंडोजवर फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अशा कुठल्या पद्धतीत, आहे ते सांगितलं नाही, तर पायथन पश्चिम युरोपी भाषांसाठी केलेलं १२५२ क्रमांकाचं कोष्टक धरून चालतो. त्या कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत. ८१ ही त्यातलीच एक. जोडाक्षरात अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा शेवटचा बाइट ८डी, तीही जागा रिकामीच. 'पाटील'मध्ये ऱ्हस्व उकार नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून ते एरर न देता चुपचाप कचरा होऊन बाहेर पडलं. लिनक्सवर मुळात यूटीएफ-८ गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे माझ्याकडे सगळंच चाललं होतं.

उपाय म्हणजे फाइल उघडताना 'एन्कोडिंग' म्हणून 'यूटीएफ-८' लिहायचं. पायथन ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं ठरलं आहे, पण जुन्या आवृत्त्या लोकांच्या मशीनवर अजून बरीच वर्षं राहतील, तेव्हा लिहायची सवय ठेवलेली बरी.

साठ ओळी आणि साडेसहाशे नावं कापत कापत दोन ओळी आणि एका आडनावावर आली. एवढं कुणीही अनोळखी माणूस अर्ध्या मिनिटात स्वतःकडे चालवून बघू शकतो. असं लहान करता करता उत्तर स्वतःलाच सापडतं आणि प्रश्न पाठवायची वेळच येत नाही, हेही नेहमी होतं.

कापायची पद्धत साधी आहे. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढा. एक भाग काढा, चालवा. एरर राहिली तर तो भाग कायमचा गेला. एरर गेली तर तोच भाग परत आणा आणि दुसरा काढा. शेवटी उरलेला तुकडा नव्या खिडकीत स्वच्छ चालवून बघा आणि तिथूनच कॉपी करा. आठवणीनं पुन्हा टाइप करू नका. तसं करताना खरी चूक नकळत दुरुस्त होते किंवा नवी घुसते, आणि मग तीन जण त्या नव्या चुकीवरच बोलत राहतात.

पायरी ४: दिसलं ते लिहा, वाटलं ते वेगळं लिहा

"मराठी नीट दिसत नाही" हे वाक्य मी वर्षानुवर्षं वाचतोय. त्यात निदान तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात, आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

रोमन अक्षरांचा कचरा दिसत असेल, तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचताना कोष्टक चुकलंय. ताईंचं हेच होतं, आणि हे दुरुस्त होतं.

रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर ठीक आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) आलेख काढताना हे हमखास होतं, कारण तिच्या नेहमीच्या देजावू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. ती इशाराही देते, 'ग्लिफ २३२५ मिसिंग' अशा थाटाचा. २३२५ म्हणजे युनिकोडमधला, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतला, आपला 'क'. या चौकोनांना फॉन्टवाले 'टोफू' म्हणतात; गूगलच्या नोटो फॉन्टचं नावच मुळी 'नो टोफू' वरून आलं आहे. देवनागरीचा नोटो लावला की चौकोन जातात.

आणि प्रश्नचिन्हं दिसत असतील, ओळीनं नुसती प्रश्नचिन्हं, तर थांबा. ती फाइल सेव्ह करू नका, कुणाला पुढे पाठवू नका, आधी मूळ प्रत शोधा. एक्सेलमध्ये मराठी यादी साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केली की असं होतं. त्या प्रकाराला देवनागरी ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, आणि मूळ अक्षर त्या फाइलमधून कायमचं जातं. कुठल्याही कोडनं ते परत येत नाही. एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार असतो, तो निवडायचा.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण एवढंच की "कचरा दिसतोय, चौकोन की प्रश्नचिन्हं" हे तीन शब्दांत सांगता येतं. प्रश्न वाचणाऱ्याला तेवढ्यानं नेमक्या दारापर्यंत पोचता येतं.

काय व्हायला हवं होतं तेही लिहा. तुम्हाला ते उघड वाटतं, समोरच्याला नसतं. आणि तुमचा अंदाज असेल तर जरूर सांगा, पण 'माझा अंदाज' असं म्हणून. "पायथनला मराठी चालत नाही" असं ठाम लिहिलंत, तर वाचणारा तुमच्या निष्कर्षाशी वाद घालण्यात वेळ घालवतो, आणि तो निष्कर्ष ज्यावरून काढला ती मूळ माहिती मागेच राहते.

पायरी ५: मजकूर मजकूर म्हणूनच द्या

मोबाइलनं काढलेला मॉनिटरचा फोटो पाठवू नका. ताईंनी दुसऱ्या दिवशी तोच पाठवला होता. वरच्या पंधरा ओळी सुरेख आल्या होत्या, शेवटची ओळ तेवढी कापली गेली होती. ती ओळ चित्रात आली असती तरी मला ती कॉपी करून शोधता आली नसती, कोड माझ्याकडे चालवता आला नसता, आणि पुढच्या वर्षी हीच अडचण आलेल्या माणसाला ती शोधून सापडली नसती. टर्मिनलमधला, म्हणजे प्रोग्राम चालतो त्या खिडकीतला, मजकूर निवडून कॉपी करा आणि पूर्ण पेस्ट करा. कोडसाठी असलेली चौकट वापरा, कारण पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या जागेला अर्थ आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पेस्ट केलेला कोड ती जागा कधी कधी गिळतो.

एकाच ठिकाणी चित्र हवंच असतं: चूक डोळ्यांना दिसते पण मजकुरात नसते तेव्हा. चित्रांसाठीच्या पिलो लायब्ररीनं प्रमाणपत्रावर नाव छापताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर आली, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसलं, अशा वेळी स्क्रीनशॉट द्या, आणि हवा होता तो शब्द शेजारी टाइप करून द्या.

पायरी ६: कुठल्या मशीनवर, कुठली आवृत्ती

एकच ओळ लागते: विंडोज ११, पायथन ३.१२, व्हीएस कोडच्या टर्मिनलमधून चालवलं. लायब्ररी असेल तर तिची आवृत्ती. "लेटेस्ट आहे" असं लिहू नका, आकडा लिहा. ताईंनी पहिल्या मेसेजमध्ये 'विंडोज' हा एक शब्द लिहिला असता, तर "माझ्याकडे चालतोय" हे वाक्य मी लिहिलंच नसतं. मीही तो विचारायला हवा होता. हल्ली पहिला प्रश्न तोच विचारतो.

मराठी मजकुराची फाइल असेल तर तिचं एन्कोडिंगही लिहा. हल्लीच्या विंडोजमध्ये नोटपॅडमध्ये फाइल उघडली की खालच्या पट्टीत उजवीकडे ते लिहिलेलं असतं.

पायरी ७: मूळ काम सांगा

एकदा एका डीटीपीवाल्या काकांनी विचारलं, "पायथनमध्ये श्रीलिपीचा फॉन्ट कसा टाकायचा?" तीन-चार जणांनी आपापल्या परीनं फॉन्ट बसवायचे उपाय सांगितले, एकही लागू पडला नाही. काका वैतागले. मग कुणीतरी विचारलं, काका, करायचंय काय नेमकं? त्यांच्याकडे जुन्या स्मरणिकांचा मजकूर होता आणि तो वेबसाइटवर टाकायचा होता. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरं म्हणून काही साठवलेलंच नसतं. तिथे असतात त्या फॉन्टच्या स्वतःच्या क्रमानं लावलेले आकडे, आणि तो फॉन्ट त्या आकड्यांवर मराठी आकार चढवतो. फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होतो. काकांना गरज होती ती युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरची. फॉन्ट बसवणं हा त्यांनी मनाशी ठरवलेला रस्ता होता, आणि प्रश्न त्यांनी रस्त्याबद्दल विचारला. जायचं कुठे ते सांगितलंच नव्हतं.

तेव्हा प्रश्नात एक वाक्य मुक्कामाबद्दल असू द्या.

पायरी ८: इतरांची माहिती झाका

सभासदांची खरी यादी, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, पासवर्ड, एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) यातलं काहीही सार्वजनिक प्रश्नात जाता कामा नये. अडचण लहान केलीत तर हे आपोआप होतं, कारण फाइलमध्ये एक आडनाव उरतं. चुकून अशी 'की' पेस्ट झालीच, तर नुसता मेसेज पुसून भागत नाही. कुणी ती पाहिली असेल असंच धरून ती की रद्द करा आणि नवी घ्या. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये तर फाइल काढून टाकली तरी जुन्या नोंदींत ती राहते.

पायरी ९: शीर्षक शेवटी लिहा

"अर्जंट मदत हवी", "पायथन प्रॉब्लेम" यावरून कुणाला काही कळत नाही. "इथे कुणाला पायथन येतं का?" असंही विचारू नका. येत असलेला माणूससुद्धा हो म्हणायला कचरतो, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत नसतं. थेट अडचण मांडा. शीर्षकात तीन गोष्टी बसवा: काय करत होता, कशावर, आणि कुठली एरर.

ताईंचा प्रश्न या सगळ्या पायऱ्यांतून गेला असता तर असा दिसला असता:

"विंडोजवर पायथनमध्ये मराठी सीएसव्ही वाचताना युनिकोडडिकोडएरर, बाइट ०एक्स८१

विंडोज ११, पायथन ३.१२. फाइल नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली आहे आणि तिथे नीट दिसते. फाइलमध्ये एकच शब्द आहे: कुलकर्णी. खालच्या दोन ओळी चालवल्या की सोबतची पूर्ण एरर येते. त्या जागी 'पाटील' लिहिलं तर एरर येत नाही, पण रोमन अक्षरांचा कचरा छापला जातो. मला नाव जसंच्या तसं छापून हवं आहे. मूळ काम वाचनालयाच्या साडेसहाशे सभासदांमधून थकबाकीदारांची यादी काढण्याचं आहे. माझा अंदाज, जोडाक्षरामुळे होत असावं; खात्री नाही."

आणि खाली दोन ओळींचा कोड, पूर्ण एरर. यातला अंदाज पूर्ण बरोबर नाही, पाचव्या जागी अडलंय ते उकारावर. त्यानं काही बिघडत नाही, कारण तो अंदाज म्हणूनच लिहिलाय आणि खरी माहिती वर आहे.

इंग्रजीत विचारावं लागलं तर

स्टॅक ओव्हरफ्लोच्या मुख्य साइटवर इंग्रजीतच लिहावं लागतं. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी यांच्या वेगळ्या शाखा आहेत, मराठीची नाही. मराठी माध्यमातल्या कितीतरी मुलांचे प्रश्न या एका भीतीपोटी मनातच राहतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. वर दिलेला प्रश्न पुन्हा वाचा. लहान लहान वाक्यं आहेत, क्रियापदं रोजची आहेत, आणि निम्मं बोलणं कोड आणि एरर करतात. एवढं इंग्रजी तुमच्याकडे आहे. व्याकरण चुकलं तर कुणीतरी येऊन दुरुस्त करून जातं, त्यात अपमान नाही.

दोन-तीन आपल्याकडच्या सवयी मात्र सोडा. आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो. बाहेरच्या वाचकाला तो संशय वाटतो, तिथे 'क्वेश्चन' म्हणा. 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल', 'आय अ‍ॅम अ बिगिनर, सॉरी फॉर सिली क्वेश्चन' हे सगळं वगळा. वाचणारी व्यक्ती सर असेलच असं नाही, आणि शिकणाऱ्यानं विचारल्याबद्दल माफी कशाला मागायची? शेवटी आभाराचा एक शब्द पुरतो. मराठी ग्रुपवर विचारत असाल तर दादा, ताई, सर म्हणून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, पण त्याच मेसेजमध्ये अडचणही येऊ द्या. "सर, आहात का?" एवढंच लिहून वाट बघत बसू नका.

पाठवल्यानंतर

पहिला तासभर जवळपास राहा. उलट प्रश्न येतात, त्यांची उत्तरं मूळ प्रश्नातच भर घालून द्या, म्हणजे नंतर येणाऱ्याला सगळं एका जागी मिळतं. उत्तर देणारा अमेरिकेत असेल तर आपल्या रात्री त्याचा दिवस असतो, तेव्हा दहा मिनिटांत 'कोणीतरी सांगा ना' करू नका. पाच ग्रुपवर एकदम टाकू नका. टाकलंच तर इतरत्रही विचारलंय हे लिहा, म्हणजे एकाच प्रश्नावर पाच माणसं रात्र घालवत नाहीत. एकानं सार्वजनिक जागी उत्तर दिलं म्हणून त्याच्या खाजगी इनबॉक्समध्ये पुढचे प्रश्न नेऊ नका.

प्रश्न 'डुप्लिकेट' म्हणून बंद झाला तर मनाला लावून घेऊ नका. सोबत जुन्या उत्तराचा दुवा असतो, बहुतेक वेळा तेच हवं असतं. खरंच वेगळं असेल तर कुठे वेगळं आहे ते लिहून पुन्हा उघडायला सांगता येतं.

उत्तर मिळालं की चालवून बघा आणि चाललं की नाही ते लिहा. स्वतःच शोधलंत तरी उपाय तिथेच लिहा. तीच एरर घेऊन वणवण करत आलेल्या माणसाला जुना प्रश्न सापडावा आणि खाली नुसतं "झालं, थँक्स" एवढंच असावं, यासारखी निराशा नाही.

ताईंचा पुढचा प्रश्न महिन्याभरानं आला, या वेळी ग्रुपवर, सकाळी सात वाजता:

"विंडोज ११, पायथन ३.१२. सीएसव्ही एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली आहे. एन्कोडिंग 'यूटीएफ-८' दिलं आहे. डिक्टरीडरनं वाचताना 'नाव' या स्तंभासाठी कीएरर येते. फाइलमध्ये तो स्तंभ पहिलाच आहे. बाकीचे स्तंभ नीट वाचले जातात. स्तंभांच्या नावांची यादी प्रिंट केली तर 'नाव'च्या आधी बॅकस्लॅश, यू आणि एफईएफएफ असं काहीतरी दिसतं. दोन ओळींची फाइल आणि चार ओळींचा कोड खाली देत आहे."

मी चहा घेऊन ग्रुप उघडला तोवर पुण्यातल्या एका मुलीनं उत्तर लिहून टाकलं होतं: एक्सेल फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतं, ती पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते, एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८-सिग' लिहा. त्याखाली सात वाजून अकरा मिनिटांनी ताईंचं: "चाललं. साडेसहाशेच्या साडेसहाशे नावं आली."